पूजेला जोडी

रायपूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. स्नेहल हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या बाबांचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांग, मेथीचे लाडू नुसते खायचे नसतात, थोडं चालायचंही असतं. इरा आंघोळीच्या वेळी अजून तसाच धिंगाणा घालते का? तिची छोटी बादली मी इथे कोणाला वापरू देत नाही.

बातमी तुला कळलीच असेल. शुक्रवारी निकाल लागला, पराग निर्दोष सुटला. अपघातातली गाडी आपली होती एवढं सिद्ध झालं, पण चालवत कोण होतं ते झालं नाही. चावी ऑफिसच्या टेबलावर पडलेली असते, कोणीही नेतं. शिवाय ऑफिसातल्या दोघांनी सांगितलं की पराग त्या वेळी मीटिंगमध्ये होता. तुझे सासरे साऱ्या कॉलनीत पेढे वाटून आले. बुधवारी पौर्णिमा आहे, घरी सत्यनारायण ठरवला आहे. तुझ्यासाठी पंडरीच्या कापडबाजारातून साडी आणली, डाळिंबी, हिरव्या काठाची. जाताना तू तुझ्या वऱ्हाडी बोलीत म्हणाली होतीस, "आई, कोर्टानं सोडलं तर मी येतो." मंगळवारी पराग तुम्हा दोघींना न्यायला येणार आहे. पूजेला जोडीने बसायचं आहे, तयारीत राहा.

एवढं पराग समोर बसून लिहून घेत होता. "आई, आपके हाथ की चिट्ठी देखेगी तो मना नहीं करेगी," म्हणाला. मग वाचून पाहिलं, "बढ़िया" म्हणाला आणि स्वयंपाकवाल्याशी बोलायला बाहेर गेला. हेही त्याच्याबरोबर गेले. घरात मी एकटी आहे. इथून खालचं माझं आहे.

स्नेहल, तू गेलीस तेव्हा मी मनातल्या मनात तुला खूप बोलले. नवऱ्यावर वेळ आली आणि ही माहेरी जाऊन बसली, असं. तू त्याला एकदाच विचारलंस, गाडीत तू होतास का. तो नाही म्हणाला. तुझं समाधान झालं नाही, माझं झालं. पोटचा पोरगा आपल्याशी कशाला खोटं बोलेल? मी गुरुवार धरले. प्रत्येक तारखेला डबा घेऊन कोर्टात गेले.

तिथे त्या मनहरणची बायकोही यायची. जो गेला त्याची. नवा रायपूरला एका बांधकामावर चौकीदार होता बिचारा, सायकलने अभनपूरकडच्या आपल्या गावी निघाला होता. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. एकदा तिला ऊन लागलं तर मीच माझ्या बाटलीतलं पाणी दिलं होतं. निकाल झाल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता भांडणार, शिव्याशाप देणार. तिने पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "त मोर आदमी ला कोन मारिस, दाई?"

मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला कोणी मारलं ते देवाला ठाऊक, बाई." अगदी मनापासून म्हटलं गं. मला खरंच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पाटवडीचा रस्सा केला. कितीतरी दिवसांनी पराग पोटभर जेवत होता. आणि जेवता जेवता, क्रिकेटचं बोलावं तसं, बाबांना म्हणाला, "बाबा, उसने हाथ उठाया था. मिरर में देखा मैंने. उस दिन रुक जाता ना, तो आज अंदर होता." आणि रस्सा मागितला.

मी वाढला. हाताला सवय असते, तो वाढतो.

मग मला रडू आवरेना, तर हे माझ्यावरच चिडले. "काहून रडून राहिली तू? पोट्टा सुटला ना! कोर्टानं सांगतलं ना का तो नव्हता म्हणून? मंग नव्हता!" सारा जन्म रेल्वेच्या ऑफिसात गेला त्यांचा. कागदावर जे आलं नाही ते झालंच नाही, एवढंच त्यांना कळतं.

काल वकीलसाहेब पेढे घ्यायला आले. त्यांना बाजूला घेऊन विचारलं, घरातल्या घरात कोणी कबूल केलं तर काय? ते म्हणाले, "माताजी, अब पूछ कौन रहा है?" खरंच कोणी विचारत नाही. एकच बाई विचारत होती, तिला मी देवाकडे पाठवून दिलं.

हात वर केला होता त्याने. म्हणजे जिवंत होता. पराग थांबला असता तर कदाचित वाचला असता, कदाचित नसता. डोळे मिटले की तो हात दिसतो मला, आणि उघडले की पराग.

माझ्याने त्याचा राग धरवत नाही, स्नेहल. करून पाहिला. सकाळी उठून चहा मागतो तेव्हा तो माझा परागच असतो. पोलिसांकडे जायचं बळ माझ्यात नाही. गेले तरी हेच मला वेडी ठरवून परत आणतील. दुसरं कुठे जायचं या वयात? त्याला जेवू घालत राहीन आणि अशीच संपेन. माझं आता काही होणार नाही.

पण तू निकालाची वाट पाहत होतीस. खरं काय ते कोर्ट सांगेल असं तुला वाटलं, मलाही वाटलं. कोर्टाने एवढंच सांगितलं की सिद्ध करता आलं नाही. खरं ते हे.

म्हणून येऊ नकोस. तो दारात उभा राहिला, रडला, तरी येऊ नकोस. इराला त्या गाडीत बसवू नकोस. हे पत्र कोणाला दाखवावंसं वाटलं तर दाखव. मी लिहिलं नाही, असं मी म्हणणार नाही.

गुरुजींचा सकाळी फोन आला होता, सूनबाई येताहेत ना म्हणून. मी नाही म्हटलं. बायको नसली की कमरेला सुपारी लावून पूजेला बसवतात, तसं बसवा म्हटलं. घरात अजून कोणाला हे ठाऊक नाही. बुधवारी ती सुपारी मीच त्याच्या कमरेला खोचीन आणि समोर बसून सगळी कथा ऐकेन.

शेजारच्या सरलाताई उद्या अमरावतीला निघाल्यात, पत्र त्यांच्या हाती देते. साडी पाठवत नाही.

आजवर तुला काहीही लिहिलं की खाली "तुझी आई" लिहायची. आज हात होत नाही.

परागची आई,
लता