होडी माझी, परवाना सरकारचा

रा. रा. मल्हारदाजी यांस,

कांदाचाळ, शेणखत पसरायचं यंत्र, आमच्या बहिणीचा, म्हाळसाचा, बसायचा पाट आणि आता निळ्या पिंपांची होडी, हे सगळं कॉलेजचं तोंड न बघता स्वतःच्या हातानं बनवणाऱ्या तुमच्या मेहुण्याचा, ज्ञानूचा, वडगाव रासाईहून नमस्कार. म्हाळसाचे गुडघे कसे आहेत? (पाट डगमगतो असं ती म्हणते म्हणे. जमीन वाकडी आहे, पाट सरळ आहे.) फोन केला असता, पण घरात कान फार.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपला झेंडू नदीपल्याड, दौंडच्या हद्दीत. पुलावरून वळसा घातला तर निम्मी सकाळ जाते, म्हणून होडी. आमची कारभारीण राजश्री आणि तोडणीच्या बाया रोज तिच्यातून जातात. (कडा लेव्हल लावून तपासली आहे, बोटभर फरक नाही.) मागच्या आठवड्यात तपासणीचे साहेब आले. नंबर कुठाय, परवाना कुठाय, जॅकेटं कुठायत. मी शांतपणे समजावलं की पिंपं माझी, वेल्डिंग माझं, जीव माझा, मग सरकारला मध्ये बसायला जागा कुठं आहे. उद्या चुलीपुढं बसायलाही हेल्मेट लावाल. साहेब म्हणाले, "जीव तुमचा हाय हो आप्पा. आन् मागं बसलेल्या बायांचा?" त्यावर कुशाबाई मागनं म्हणाली, "व्हय की. ह्यो बुडाल्यावर आमी काय झेंडूला धरून तरंगायचं?" सगळ्या हसल्या. (ह्याला माझ्याकडं उत्तर आहे, पण ते घरी आल्यावर सुचलं आणि अजून नीट बसलेलं नाही.)

नंबर रंगवला. जॅकेटं आणली, शिलाई कच्ची होती म्हणून उसवून पुन्हा घातली. आता एकच अट राहिली आहे, ती किरकोळ आहे. सोमवारी साहेब घाटावर परत येणार, तोवर होडी साखळीत. झेंडू ऐन तोडणीला आलाय. राजश्री काठावर उभी राहून पलीकडं बघते आणि मग माझ्याकडं बघते. झोप नाही, जेवण उतरत नाही. बाकी ठीक.

आपला,
ज्ञानू

ता. क. ती अट अशी की होडी चालवणाऱ्यानं साहेबांपुढं पोहून दाखवायचं. दाजी, आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं चाललेली. पाणी दिसलं की पायी ओलांडायला उतार शोधायचा, एवढंच आपलं पाण्याचं ज्ञान. (होडी हाकताना मी नदीकडं बघतच नाही, पल्याडच्या बाभळीकडं बघतो.) राजश्रीला हे माहीत नाही. शुक्रवारी तुमच्याकडं इनामगावला येतो. विहिरीवर कुणी नको. म्हाळसाला सांगा, मोटर बघायला आलोय. पाठीला बांधायला तेलाचा रिकामा डबा ठेवा, तोंडाला डाक देऊन पक्का बंद केलेला. नाहीतर राहू द्या, डबा मीच बनवून आणतो.

आणखी ता. क. शिरूरचा एजंट दत्ता भेटला होता. पाण्यात पाय न घालता पोहण्याचा दाखला आणून देतो म्हणाला, तीन हजार. नको म्हटलं तर बाराशेवर आला. बाराशेलाही नको म्हटलं.