पैशांबरोबर पाठवलेला निरोप

बुधवार, १४ तारीख
सकाळचे नऊ

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू बरी असशील असं लिहिणार होतो, पण बरी नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून ते खोडलं. मी ठीक. गुडघा जिन्यावर कुरकुरतो, सपाटीवर गप्प असतो. मोरीचा नळ बदलला. दुकान सकाळचे दोन तास उघडतो. हल्ली कुलूप कुणी दुरुस्त करत नाही, नवंच घेतात. परवा एका बाईंची तिजोरी दीड तास खपून उघडून दिली, तर आत नुसती औषधांची बिलं. त्या हसल्या, मीही हसलो.

हे सगळं सांगत बसलोय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही. पत्र तुझी मावशी आणून देईल. तुझा पत्ता मला माहीत नाही. तिने सांगितला नाही, मी विचारला नाही. एवढं दोनदा वाच. ज्याची तू चौकीत तक्रार दिलीस, त्या माणसाला तू कुठे राहतेस हे माहीत नाही.

कारण तो माणूस मी आहे.

तू रोज सहा वाजता मोबाइलवरून लोकांना थेट व्हायोलिन ऐकवतेस हे मला वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी दाखवलं. "काका, ही तुमचीच ना?" मी म्हटलं, "दिसते तशी." त्या म्हणाल्या, "ऐकता ऐकता लोक पैसे पाठवतात. चहापुरते का असेनात. तुम्हीपण पाठवा, पोरीला बरं वाटेल." नोकरी सोडलीस तेव्हा मी काय बोललो होतो ते त्यांना कुठे ठाऊक? आता वाडगा घेऊन कोपऱ्यावर बस, तेवढंच राहिलंय, असं म्हणालो होतो. त्याच वाडग्यात टाकायला मी बोट पुढे केलं. बाईंनी विचारलं, "नाव काय घालू?" म्हटलं, "माझं नको. माझं बघून तिने परत पाठवले तर?" त्यांनी 'शुभचिंतक' घातलं.

पैशांबरोबर दोन ओळी लिहिता येतात हे कळलं आणि मी सोकावलो. मनिऑर्डरखाली दोन ओळी लिहायचो तसंच वाटलं, तुझ्या एकटीच्याच हाती पडतील. पाठवल्या की मोबाइलमधलं यंत्र त्या ओळी बाईच्या आवाजात वाचायचं, ते मला ऐकू यायचं. पण सातवी शिकलेल्या माणसाला वाटलं, पोचपावती म्हणून माझ्याच फोनवर वाचून दाखवतंय. तुझ्या खोलीत, शेकडो लोकांसमोर वाचलं जातंय हे डोक्यातच आलं नाही. "पाठ टेकून बस." "निळा स्वेटर घाल, खोकला ऐकू येतो." रोज सहाला थोडे पैसे आणि एक सूचना. आता लिहिताना माझं मलाच कसंसं होतंय.

मग गेला गुरुवार. तुझ्या मागचं दार वारा आला की बोटभर उघडायचं. मी आठवडाभर बघत होतो. बोल्ट चौकटीतल्या भोकात पुरता जात नाही, चौकटीवरची पट्टी दोन सूत, पाव इंचभर, वर बसलीय. पन्नास वर्षं हेच केलंय, राहवलं नाही. लिहिलं, "तुझं दार नीट लागत नाही. बाहेरून कुणीही ढकललं तर उघडेल. एकटी राहतेस, सांभाळ."

तुझा हात थांबला. तू मान वळवून दाराकडे पाहिलंस. "कोण आहात तुम्ही?" असं विचारलंस तेव्हा आवाज कापत होता. घाईघाईने परत पैसे टाकले आणि लिहिलं, "घाबरू नकोस. मी आहे ना. मी रोज बघतो."

पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी तू तिथेच लिहिलंस, चौकीत तक्रार दिलीय, येत्या शुक्रवारी शेवटचं वाजवणार आणि मग कायमचं बंद. मी तसाच मावशीकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोर दाराला टेबल लावून झोपतेय भाऊजी, आणि तो मेला तुम्ही? जन्मभर लोकांची कुलपं उघडलीत, स्वतःच्या तोंडाचं तेवढं जमलं नाही!" मी म्हटलं, "तू फोन करून सांग तिला." म्हणाली, "मी का सांगू? तुमच्या हाताने लिहा. आणि ते कुलपाचं, मला एकटीला सांगितलंत, ते पण लिहा. नाहीतर पत्र नेणार नाही."

चार दिवस कागद समोर होता. आता लिहितो.

तू घर सोडलंस त्याच्या तिसऱ्या दिवशी परत आली होतीस. किल्ली फिरली नाही. कुलूप बिघडलं आणि बाबा घरी नव्हते, असं तू मावशीला सांगितलंस. बिघडलं नव्हतं. तू गेलीस त्याच संध्याकाळी मी ते बदललं होतं. आणि मी घरीच होतो. दाराच्या आत, अनवाणी, चाहूल लागू नये म्हणून. तू तीनदा किल्ली फिरवलीस. एकदा "बाबा" म्हणालीस. मी ठरवलं, अजून एकदा हाक मारली तर उघडायचं. तू मारली नाहीस. व्हायोलिनची पेटी कठड्याला आपटत खाली गेली, ती दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होती. याला चार वर्षं झाली. दोष अजून तुझ्या एका हाकेवर ढकलतोय, बघ.

अकरा वाजता मावशीबरोबर चौकीत जातोय. फोन दाखवीन, मीच तो असं लिहून देईन. ते म्हणतील ते ऐकून घेईन. बोल्ट कुणाही कारागिराकडून बसवून घे, अर्ध्या तासाचं काम आहे. मी येतो म्हणत नाही.

फक्त वाजवणं बंद करू नकोस. चौकीतून निघालो की फोन मावशीच्या हवाली करणार आहे. शुक्रवारी सहा वाजता तो तिच्याकडे असेल. तू बोलावल्याशिवाय मी बघणार नाही, ऐकणार नाही, पैसे पाठवणार नाही. ऐकणाऱ्यांत मी नसेन, हे धरून चाल आणि दाराकडे न बघता वाजव.

ज्याला तू घाबरलीस तो,
तुझा बाबा