वरून झटका आला नाही तेव्हा

तीर्थरूप आई,
लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? धाकटी तेल चोळून देते ना?

काम तेच, उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायच्या. मी दोरावर लोंबकळतो आणि गच्चीवरून मामा दोर सांभाळतात. सगळेच त्यांना मामा म्हणतात. खालून ते दिसत नाहीत, म्हणून मी दोराला झटका देतो आणि ते उलट झटका देतात.

परवा एकदम वारा सुटला. मी झटक्यांवर झटके दिले, वरून काहीच नाही. घाबरू नकोस, पत्र लिहितोय म्हणजे धडधाकट आहे! लहानपणी तुझ्या कडेवर मिटायचो तसे डोळे मिटले आणि म्हटलं, "देवा, आता तूच बघ."

वर ओढून घेतल्यावर मी मामांवर उखडलो. ते म्हणाले, "अरे, दोन्ही हातांनी तुला धरलं होतं. झटका कुठल्या हाताने देऊ?" मी त्यांच्या पायाच पडलो.

इथे माणसं कमी करणार म्हणतात. माझं अजून ठरलेलं नाही. मागच्या पत्रात तू लिहिलंस, तुझी नोकरी टिकावी म्हणून एवढं विनवते तरी देव काही बोलत नाही. आई, त्याचेही हात मोकळे नसतील.

तुझा,
थोरला