अठ्ठेचाळीसच धरा

९ नोव्हेंबर, रविवार. लातूर.
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. बायकोला, सिंधुला, तर नाहीच.

नांदेडच्या आमच्या गोदातीर बॉक्सिंग क्लबला पन्नास वर्षं झाली. २८ डिसेंबरला कार्यक्रम. क्लबचा सर्वकालीन श्रेष्ठ बॉक्सर निवडून त्याची गूळतुला करणार. तराजूच्या एका पारड्यात बॉक्सर, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतका गूळ. गूळ नंतर वसतिगृहातल्या मुलांना. सेक्रेटरी वीरभद्रने ग्रुपवर टाकलं आहे.

नावं दोनच. मी आणि वैजनाथ.

वैजनाथ: ९१ किलो गट. राज्य सुवर्ण, तीन वेळा.
मी: ४८ किलो गट. विद्यापीठ रौप्य, १९९२. (गटात दोघेच होतो. मुद्दा गौण.)

वरवर बघणाऱ्याला वैजनाथ मोठा वाटेल. तो दिसतोच मोठा. पण हत्ती आणि मुंगी यांची ताकद एकाच काट्यावर मोजायची नसते. कुणीतरी शास्त्रीय पद्धतीने बसलं पाहिजे. ते मीच.

११ नोव्हेंबर.
सूत्र सापडलं. पराक्रम भागिले वजन. इतकं सोपं, आणि जगात कुणाला सुचलं नाही. औशाच्या ज्युनियर कॉलेजात सत्तावीस वर्षं बुककीपिंग शिकवतोय, भागाकार अंगात मुरला आहे.

जागतिक यादी करायला घेतली. मोहम्मद अली आधी पहिले होते. लहानपणापासून आपलं दैवत. सूत्र लावलं तर खाली घसरले. हेवीवेट पडले ना. म्हणजे शेवटी वैजनाथच्याच बाजूचे निघाले. सदतिसावे ठेवले. हात जड झाला, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

पॅकियाओ आठ वजनगटांत चॅम्पियन. आता याला नेमकं कशाने भागायचं? तूर्त यादीबाहेर.

रिकार्डो लोपेझ, मेक्सिको. सगळ्यात हलक्या गटातला, शेवटपर्यंत एकदाही न हरलेला. जवळजवळ माझ्याच वजनाचा. पहिला नंबर. हे मी मुद्दाम केलेलं नाही, आकडे बोलतात.

१२ नोव्हेंबर.
ऋतुजाला सूत्र दाखवलं. मुलगी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करते, सुट्टीत आली आहे. वाटलं होतं बापाचा अभिमान वाटेल. म्हणाली, पप्पा, असं भागत गेलं तर जगातला सर्वश्रेष्ठ बॉक्सर डास येईल.

विरोधाला घरातूनच सुरुवात झाली म्हणायची.

१५ नोव्हेंबर.
सूत्र, यादी आणि टिपण वीरभद्रला पाठवलं. टिपणात हेवीवेटविषयी एक परखड परिच्छेद घातला: या गटात समोर माणूसच मिळत नाही, त्यामुळे तिथलं सुवर्ण हे बरंचसं हजेरीचं बक्षीस असतं. वैजनाथचं नाव घेतलेलं नाही. सभ्यता पाळली आहे.

दोन निळ्या टिक आल्या. उत्तर नाही. भारावला असेल.

२० नोव्हेंबर, सकाळी ११. स्टाफरूम.
निवड झाली. माझी.

वीरभद्रचा फोन. सूत्राबद्दल काही बोलला नाही, पण सूत्राशिवाय हे झालेलं नाही एवढं मला कळतं. मग म्हणाला, सर, वजन सांगा, गुळाचा अंदाज लागतो. मी म्हणालो, अठ्ठेचाळीस. तो म्हणाला, सर, आत्ताचं ईचारून राहिलो. मी म्हणालो, बॉक्सरला ठरल्या दिवशी ठरल्या वजनात यावं लागतं, तो त्याचा धर्म आहे. अठ्ठेचाळीसच धरा.

मग म्हणाला, बरं, दहा-दहाच्या पाच ढेपा सांगून ठेवतो वैजूभाऊला.

कुठल्या वैजूभाऊला? तर वैजनाथलाच. गूळ त्याच्या गुऱ्हाळाचा आहे, लोह्याजवळच्या. हरलेल्या माणसाने जिंकलेल्याला गूळ द्यायचा. यात काहीतरी डाव आहे.

दुपारी ४.
घरच्या काट्यावर ९१. अडतीस दिवसांत त्रेचाळीस किलो. रोजचा किलोभर. अवघड काही नाही, फक्त निश्चय लागतो. तो माझ्याकडे आहे.

२१ नोव्हेंबर, पहाटे ५.
धावायला निघालो.

५.१०
कुत्री.

२५ नोव्हेंबर.
घरचा काटा ९१.५ दाखवतो. पाच दिवस रात्रीची भाकरी अर्धी केली, तरी. (चिवडा धरलेला नाही, तो जेवणात येत नाही.) काटा खराब.

मार्केट यार्डात माझा जुना विद्यार्थी अमरेश, त्याच्या आडतीवर गेलो. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा सरकारमान्य. सोयाबीनची पोती उतरवून मला चढवलं. ९२. हमाल हसले. मी म्हणालो, बारदाना, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करा. पोत्यामागे करतात, मग माणसामागे का नाही? अमरेश म्हणाला, सर, तुमचा बारदाना म्हंजे पँट-शर्ट, त्याचं काय वजन असतंय. तरी मी स्वेटर, बेल्ट, मोबाईल आणि चष्मा मिळून तीन किलो धरलं. निव्वळ ८९. उतार सुरू झाला म्हणायचा.

३० नोव्हेंबर.
वैजनाथने माणसाबरोबर एक ढेप घरी पाठवली. निरोप: नवा गूळ हाय, दयाला आवडतो. (दया म्हणजे मी.)

डाव ओळखला. समोरच्याला गोड खाऊ घालून वजनाच्या वेळी बाद करायचं, हा बॉक्सिंगमधला जुना प्रकार आहे. चौतीस वर्षांचा मित्र. एका ताटात जेवलो, नांदेडला एका खोलीत राहिलो. माझे ग्लोव्ह्ज फाटले तेव्हा त्याने स्वतःचे दिले होते. ते मला कोपरापर्यंत यायचे, पण दिले होते. आणि आज हे. मनाला लागलं.

ढेप घरात ठेवणं धोक्याचं. संपवलेली बरी.

६ डिसेंबर.
ढेप निम्मी संपवली. बाकीची सिंधुने वरच्या फळीवर ठेवली आहे. आता घरात माझ्यापासून गोष्टी लपवतात.

सिंधु म्हणाली, अहो, वैजनाथ भाऊजींचा परत फोन येऊन गेला, एकदा तरी बोला. मी म्हणालो, कार्यक्रमानंतर. चार वर्षांत भेट नाही, फोनही मीच उचलत नाही, मान्य. पण कॉलेजची कामं असतात, आणि तो बोलायला लागला की तासभर सोडत नाही. ती म्हणाली, चार वर्षं कामं? आणि आत गेली. लग्नाची बायको, पण मन त्या पारड्यात.

१३ डिसेंबर.
९२. (निव्वळ ८९. स्थिर. शरीर मोठी घसरण करण्याआधी थोडं थांबतं.)

पॅकियाओचा आज नव्याने विचार केला. वजन बदललं तरी माणसाचा मोठेपणा तोच राहतो, असं त्याच्याकडे बघून कुणी म्हणेल. त्याने माझं अख्खं सूत्रच मोडतं. या माणसाचं नाव पुन्हा काढायचं नाही.

१९ डिसेंबर. येळवस.
अमरेशच्या औशाच्या शेतावर बोलावणं. वेळ अमावस्येला शेतात जेवायला बोलावल्यावर नाही म्हणता येत नाही, आपल्याकडे तो अपमान होतो. भज्जी, उंडे, आंबील, खिचडा, गव्हाची खीर. मी आधीच सांगितलं होतं, फक्त चव घेणार.

अमरेशच्या आईने, तुळजाबाईंनी, चव वाढली. मग म्हणाल्या, मास्तर, तुमी तर काईच खाऊन न्हाई राहिले. परत चव वाढली. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं नसतं. शेजारच्या शेतातूनही बोलावणं आलं. तेही शेतकरीच, त्यांचाही मान असतो.

संध्याकाळी बाजेवरून उठवायला अमरेश आणि त्याचा भाऊ आले.

२४ डिसेंबर.
आता शेवटचा टप्पा. व्यावसायिक बॉक्सर शेवटच्या दिवसांत पाणी बंद करून शरीर वाळवतात. पाणी बंद.

दुपारी १२.
पाणी चालू. तब्येत महत्त्वाची. चहा पाण्यात धरत नाही.

२७ डिसेंबर.
९३.

विचार केला. तुलेत शेवटी भावना असते. पारडं थोडं हललं तरी लोक टाळ्या वाजवतात. फेटा बांधू देणार नाही, तेवढंच अर्धा किलो कमी. खिशातून पाकीट, किल्ल्या काढून सिंधुकडे द्यायच्या. श्वास आत घेऊन बसायचं.

वैजनाथ समोर आला तर मोठ्या मनाने हात मिळवायचा. आपण जिंकलेलो आहोत.

२९ डिसेंबर, सोमवार.
रजा टाकली. अंग ठणकतंय, मन त्याहून. लिहून टाकतो.

मैदानात मांडव. स्टेजवर मोठा तराजू, साखळ्यांना झेंडूच्या माळा. पाच ढेपा मांडून ठेवलेल्या. आम्हा दोघांना बॉक्सिंग शिकवणारे देविदास वस्ताद व्हीलचेअरवर आले होते. पाया पडलो. म्हणाले, कोण? मी नाव सांगितलं. म्हणाले, तो तर बारीक होता.

मी पारड्यात बसलो. पारडं जमिनीला टेकलं. समोर एक, दोन, तीन, चार, पाच ढेपा चढवल्या. माझं पारडं हललं नाही. मी श्वास आत घेतला. तरी नाही. वीरभद्रने सत्काराचे नारळ टाकले, मग ट्रॉफ्या, मग कोणीतरी क्लबचे डंबेल्स आणले. सूत्रसंचालक माइकवरून म्हणत होता, सरांचा पराक्रम इतका जड आहे. मागून कुणी ओरडलं, पराक्रम न्हाई, येळवस हाय ती. सगळा मांडव हसला. मी खाली बघत बसलो होतो. उठताही येईना, कारण पारड्यात पाय अडकला होता.

तेवढ्यात एक माणूस स्टेजवर आला. पांढरा शर्ट, गळ्याशी सैल. चपला काढून ठेवल्या. नारळ, ट्रॉफ्या, डंबेल्स सगळं उतरवलं, तीन ढेपाही उतरवल्या, आणि उरलेल्या दोन ढेपांशेजारी पारड्यात मांडी घालून बसला. माझं पारडं वर आलं. काटा मधोमध थांबला.

मी त्याला ओळखलं नाही. हसला तेव्हा ओळखलं. पुढचा दात तुटलेला, सरावात माझ्याच कोपराने.

वैजनाथ. आमचा ९१ किलोवाला. एका माणसातून एक माणूस कमी झाल्यासारखा. शुगर, मग किडनी. स्वतःच्या गुऱ्हाळाचा गूळ त्याने तीन वर्षांत तोंडात घातलेला नाही. दोघं समोरासमोर लटकत होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. तो हळूच म्हणाला, दया, तुझ्या बरोबरीला यायला मला अजूनबी दोन ढेपा कमीच पडून राहिल्या बघ.

मोठ्या मनाने हात मिळवायचा राहून गेला. माझे दोन्ही हात साखळीला धरलेले होते.

परतीच्या बसमध्ये सिंधुने सगळं सांगितलं. वैजनाथची बायको राजकन्या तिला आधीच बोलली होती. समितीने एकमताने वैजनाथला निवडलं होतं. त्यानेच सांगितलं, दयाला द्या, त्याला लई हौस हाय, गूळ मी देतो. टिपणही वीरभद्रने त्याला वाचून दाखवलं होतं. हजेरीचं बक्षीस वगैरे. तो खूप वेळ हसला म्हणे, आणि म्हणाला, लिवतो चांगलं.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. वीरभद्रला, राजकन्या वहिनींना, सिंधुला, ऋतुजालासुद्धा. इतके दिवस मी आडतीवर पोत्यासारखा चढत होतो आणि एकानेही सांगितलं नाही. सख्ख्या माणसांनी इतका मोठा दगा करावा. मी सिंधुला तसं म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही फोन उचलला असता तर त्यांनीच सांगितलं असतं.



३१ डिसेंबर.
यादी अद्ययावत केली. आत्ताची वजनं घालून.
मी: एक रौप्य, भागिले ९३.
वैजनाथ: तीन सुवर्ण, भागिले ७३.

अलींना परत वर घेतलं. पॅकियाओलाही आत घेतलं. मग लक्षात आलं की माझ्या सूत्राप्रमाणे वैजनाथ पुढच्या वर्षी अजून मोठा होईल. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून. असाच उतरत राहिला तर एक दिवस लोपेझच्याही वर जाईल.

सूत्र रद्द.

फोन लावला. राजकन्या वहिनींनी उचलला, म्हणाल्या, डायलिसिसला नेलंय, सांजच्याला येतेत. मी म्हणालो, आल्यावर वजन किती भरलं तेवढं विचारा. त्या म्हणाल्या, काऊन?

काय सांगणार. म्हणालो, सहज. संध्याकाळी परत लावतो.