दीडशे ग्रॅम भात

३ फेब्रुवारी

स्वयंपाकघरासाठी काटा आणला. गोदामातले प्रमाणित वजन ठेवून तपासला — बरोबर ५००.

डॉक्टरांची सूचना स्पष्ट आहे. दोन्ही जेवणांना हिला दीडशे ग्रॅम शिजलेला भात आणि त्या बेताने आठ युनिट इन्सुलिन. भात जास्त झाला तर रक्तातली साखर चढेल. कमी पडला तर उतरेल, आणि ते अधिक घातक. अंदाजाला जागाच नाही.

काट्याला शून्य करण्याचे बटण आहे. भांडे ठेवा, बटण दाबा, भांड्याचे वजन गायब! मला हे पटत नाही. वजाबाकी कागदावर, डोळ्यांसमोर व्हावी. हिचा पांढरा वाडगा — १४६. वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. भातासह २९६ झाले की थांबायचे.

७ फेब्रुवारी

सकाळी हिचा दुपारचा भात मोजून ठेवत असता ही काही सांगू लागली. हात वर करून थांबवले. वजन घेताना बोलू नये, आकडा चुकतो — गोदामात पंचवीस वर्षे हाच नियम आहे. २९६. नेमके.

९ फेब्रुवारी

"अहो, पोट भरत नाही हो."

म्हटले, भूक हे माप नव्हे.

"मग तिलाही ठेवा की काट्यावर!"

हिला अजून थट्टा सुचते.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी सहाला हिची साखर २४८! मोजूनमापून दिलेल्या जेवणावर हे अशक्य. म्हणजे ही चोरून खाते आहे.

१४ फेब्रुवारी

संशय खरा ठरला. पर्समध्ये साखरेच्या सहा पुड्या!

"दुपारी हातपाय थरथरतात. घाम फुटतो. तेव्हा खाते. डॉक्टरांनीच सांगितलंय ना जवळ ठेवायला?"

जेवण मोजलेले, इन्सुलिन मोजलेले — थरथरेल कसे? भास आहे, किंवा सबब. मी आवाज चढवला, हे मान्य. पण डोळे जातात, पाय जातात या आजारात! पुड्या आणि साखरेचा डबा माझ्या कपाटात ठेवला. किल्ली माझ्या खिशात.



१७ फेब्रुवारी

सहाला ९२. आकडा दाखवला. हिने पाहिला नाही.

१८ फेब्रुवारी

७४. जरा कमी वाटतो. तरी चोरटे खाणे थांबले हे सिद्ध झाले.

१९ फेब्रुवारी

साडेतीनला गोदामात फोन. शेजारच्या शिंपीणबाई. ही ओट्यापाशी कोसळलेली त्यांना सापडली. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा सलाईन चालू होते. ही डोळे उघडून छताकडे पाहत होती.

शिंपीणबाईंनी व्हरांड्यातच गाठले. "भावोजी, तुमच्या घरात चमचाभर साखर सापडेना हो! माझ्या घरून पळत आणली. कपाटाला कुलूप कशाला?"



डॉक्टर म्हणाले, "साखर तीसवर आली होती. पुरेसं जेवत नाहीत का?" खिशातली वही पुढे केली. पाने उलटून त्यांनी ती परत दिली. "आकडे चोख आहेत. पण पेशंट उपाशी आहे."

२० फेब्रुवारी

आज ही बोलली. आवाज अगदी बारीक.

"त्या दिवशी सांगत होते ना... तुम्ही मोजलेला वाडगा फुटला माझ्या हातून. तसलाच दुसरा काढला होता. पण तुम्ही हात वर केलात."

म्हटले, दोन्ही एकाच दुकानातले, एकाच आकाराचे. फरक असून असून किती असणार?

हिने माझ्याकडे पाहिले.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

रिकामा वाडगा काट्यावर ठेवला. २१८.

पुन्हा ठेवला. २१८.

बहात्तर ग्रॅम कमी, पंचवीस जेवणे. एक किलो आठशे ग्रॅम भात मी हिच्या तोंडातून काढला — आणि साखरेला कुलूप लावले.

रुग्णालयात परत जाऊन किल्ली हिच्या मुठीत ठेवली. वहीच्या पहिल्या पानावरचे १४६ खोडले, शेजारी २१८ लिहिले आणि ते पान हिच्यासमोर धरले.