जित्या माणसाचं चित्र

वांकिडी,
दि. १६ फेब्रुवारी १९९२

चि. रेणुकास,

बाबांचे आशीर्वाद. तुझं प्रदर्शनाचं कार्ड डिसेंबरात मिळालं आणि उत्तराला फेब्रुवारी उजाडला, राग धरू नको. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, कापूस वेचायला बाया मिळत नव्हत्या, पोस्टात अंतर्देशीयं नव्हती. यातलं शेवटचं खोटं आहे.

इकडे ठीक. काळी गाय व्याली. मला खोकला आहे, पण काळजीचा नाही. तू मात्र निजताना गॅस बंद केला का ते दोनदा पाहत जा. हैदराबादेत काय काय होतं म्हणतात.

तुझ्या कार्डावर माझं चित्र छापलेलं पाहून गावात बोलणं झालं. शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, "काऊन हो अमृतराव, जित्या माणसाले भिंतीवर टांगते का कोणी? पोरीले तेरवीची घाई झाली का?" मी हसलो. पण आपल्याकडे गेलेल्याचाच फोटो लावतात. तुझ्या आईचा लावला तेव्हा खिळा तूच ठोकलास.

म्हणून ते चित्र पाहायला मी हैदराबादेला आलो होतो, रेणुका. तुला न कळवता, कागजनगरहून गाडीत बसून.

युनिव्हर्सिटीची ती जुनी दगडी इमारत पाहून मी चपला पायरीखाली काढल्या. बाकी सगळे बूट घालूनच आत जात होते. दालनात समोरच माझं चित्र. अंगणात बाजेवर बसलेला, गाल भरलेले, मिशा पिळलेल्या. तीन वर्षांपूर्वी आईच्या तेरवीला तू मला शेवटचं पाहिलंस, तसाच काढलास. चित्र चांगलं आहे. पण उद्घाटनाच्या झेंडूच्या माळा भिंतीभर लावल्या होत्या आणि एक नेमकी माझ्या चित्रावरून गेली होती. मला राहवलं नाही. ती ओढली, तर सगळ्याच माळा खाली आल्या.

चपराशी धावला. "क्या चाचा, हार कायकू खींच रे?"

मी म्हणालो, "ये मैं हूं."

त्यानं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाजूच्या चित्रात वाघ होता. "हौ, और वो शेर मैं हूं," म्हणाला. लोक हसले.

तेवढ्यात तू पाहुण्यांना घेऊन आलीस. माझ्यापासून हातभर अंतरावर होतीस. "जाने दो, बुजुर्ग हैं. कुर्सी दो इनको," म्हणालीस आणि पुढे गेलीस.

तुझी चूक नाही. काळा चष्मा होता, डॉक्टरांनी दाढी करू नका म्हटलेलं, दातही पडलेले. हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. पण पाहुण्यांपुढे तुला खाली पाहावं लागेल असं वाटलं. आणि हाक मारल्यावरही तू क्षणभर विचारात पडलीस तर, ही भीती वाटली. तेवढा क्षण मला पाहायचा नव्हता. खुर्चीवर बसून तुझा आवाज ऐकला आणि निघालो.

हे लिहावं की नाही यातच दोन महिने गेले.

चित्र काढून टाक म्हणत नाही. राहू दे तसंच. तू होळीला ये आणि आत्ताचा मी कसा आहे ते एकदा नीट पाहून जा. घरात दिवसदिवस माझ्याकडे पाहणारं कोणी नाही. कोणत्या गाडीनं येतेस ते दोन ओळींत लवकर कळव. मी स्टँडवर येईन. तू गर्दीत शोधत बसू नको. या वेळी हाक मीच मारीन.

तुझा हयात बाप,
अमृतराव