अठरा मिनिटांचं जेवण

तीर्थरूप मामांस,

तुमच्या थोरल्या भाचीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडलेत, म्हणजे सध्या हातात झारा किंवा सुरी काही नाही, याची खात्री असावी.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे मामींकडून कळलं. थेंब वेळेवर घालता ना? मामी म्हणाल्या की, आता तुम्हाला भातातला खडा पलंगावरून दिसतो. दिसला तरी बोलू नका. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त गेला दीड महिना तळपायाची आग मस्तकात जाऊन तिथेच मुक्कामाला आहे.

त्याचं असं झालं. वरून आमच्या शाळेला पत्र आलं की, मुलांचं जेवण अधिक पौष्टिक करा. मला वेड्यासारखा आनंद झाला. अकरा वर्षं मी या स्वयंपाकघरात चारशे मुलांचं रांधते आहे आणि अकरा वर्षं ताजी भाजी मागते आहे. (मिळते ती कशी असते? कोबीचं वरचं पान काढलं की खाली आणखी म्हातारं पान निघतं.) शाळेने लगेच आहार समिती नेमली. अध्यक्ष म्हणजे फर्निचरच्या दुकानाचे मालक, शिवाय मुख्याध्यापिका, एक आहारतज्ज्ञ बाई आणि दोन पालक. पहिल्या बैठकीला मलाही बोलावलं. मी स्वच्छ साडी नेसून, मागण्यांचा कागद घेऊन गेले, तर त्यांना चहा हवा होता. चहाबरोबर तळलेल्या बटाट्याच्या चकत्यांची दोन पाकिटं फोडलेली होती आणि ती कुरकुरत मंडळी मुलांच्या जेवणातलं तेल बंद करण्यावर एकमत करत होती.

मी ट्रे ठेवला, पण हलले नाही. म्हटलं, आले आहे तर बोलून घेते. मुलं भाजी टाकतात ती चव नाही म्हणून नव्हे, वेळ नाही म्हणून. मधली सुट्टी अठरा मिनिटांची. हात धुवायला चार नळ, त्यातला एकच चालू. रांगेत दहा मिनिटं जातात आणि बुटांची नाडी सुटलेली पहिलीतली पोरं ताटावर बसतात तेव्हा घंटेला पाच मिनिटं उरलेली असतात. गाजर चावून खायचं की गिळायचं, समितीनेच सांगावं. आणि त्याच रांगेच्या बाजूला गोड पेयांचं यंत्र उभं आहे, ज्याला रांग नाही, चावणं नाही, बटण दाबलं की लाल बाटली बाहेर. ते आधी हलवा. यावर अध्यक्ष अगदी शांतपणे म्हणाले, “बाई, यंत्र हा आहाराचा विषय नाही. तो इमारतीचा विषय आहे.” आहारतज्ज्ञ बाईंनी मान हलवली. नळ कोणाचा विषय, ते मी विचारलं नाही. कदाचित हवामानाचा असेल.

ठराव झाला. सगळं उकडायचं, पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून. तेल शून्य, मीठ अर्धं, लसूण नको कारण वास येतो. (तुम्ही मला अकराव्या वर्षी तुमच्या खानावळीत स्टुलावर उभं करून लसूण ठेचायला शिकवलंत. हा ठराव वाचताना तुमची आठवण येऊन मला लाज वाटली.) आणि भोजनगृहात हसऱ्या फळांचं मोठं चित्र लावायचं. त्या चित्राच्या रंगांवर तीन बैठका झाल्या. इकडे माझ्या पातेल्यात फ्लॉवर, गाजर आणि घेवडा एका रंगाचे झाले होते. तो रंग तुम्हाला सांगायचा तर फरशी पुसल्यानंतरच्या पाण्याचा. माझ्याबरोबरच्या दोघीजणी वाढायच्या आणि अर्ध्या तासाने तेच अन्न बादल्या भरून बाहेर न्यायच्या. पाठीचा कणा मोडत होता, तो वाढताना नाही, टाकताना.

मग एक दिवस कवायतीच्या तासाला तिसरीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला माझ्याकडेच आणली, कारण शाळेत आडवं व्हायला पिठाच्या पोत्यांइतकी मऊ जागा दुसरी नाही. सकाळपासून पोटात काय, तर एक लाल बाटली. मी गरम भात दुधात कालवला आणि चमच्याने भरवायला लागले. पहिली वाटी तिने चाटूनपुसून संपवली. दुसरी वाटी संपवून म्हणाली, “तुम्हाला चांगलं करता येतं, मग रोज वाईट का करता?”

मामा, मला आजवर कोणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं, आणि तुम्ही मला काय काय बोललेले आहात. पोत्यांमागे जाऊन डोळे पुसले आणि बाहेर आले तर टेबलावर समितीचा अहवाल येऊन पडलेला. मुलं पौष्टिक आहार नाकारतात, सबब स्वयंपाकघराने मांडणी आकर्षक करावी, उदाहरणार्थ गाजराची फुलं. चारशे मुलांना चारशे फुलं. तेल बंद होतं म्हणून, नाहीतर माझ्या आगीत ओतायला घेतलंच असतं.

पुढच्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून एक अधिकारी बाई पाहणीला येणार होत्या आणि समिती त्यांच्याबरोबर जेवणार होती. मला निरोप आला की, पाहुण्यांसाठी काहीतरी खास करा. मी केलं. मुलांना जे मिळतं तेच केलं, पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून. मंडळी आली तेव्हा ऑफिसातलं बेसिन आम्ही बंद ठेवलं होतं, त्यामुळे सगळे मुलांच्या रांगेत, त्या एका नळाशी. अध्यक्षांच्या पुढे बालवर्ग होता आणि बालवर्ग हात धुताना पाण्याशी खेळतो. ताटावर बसून अध्यक्षांनी पहिला चमचा तोंडात घातला, चेहरा जागच्या जागी धरला, दुसरा उचलला, तेवढ्यात घंटा झाली. आम्ही तिघींनी ताटं उचलली.

“अहो, मी अजून खातोय,” अध्यक्ष म्हणाले.

“पहिलीतली मुलंही रोज हेच म्हणतात,” मी म्हणाले आणि चमचाही काढून घेतला.

मुख्याध्यापिका पांढऱ्या पडल्या. अधिकारी बाई मात्र उपाशीपोटी उठल्या, नळापाशी गेल्या, चारही तोट्या फिरवून पाहिल्या, भिंतीवरची हसरी फळं पाहिली आणि माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, “लसूण कोणी बंद केला?” मी बोट दाखवलं. बोट दाखवू नये हे मला समजतं, पण हात आपोआप उठला.

तीन दिवसांत नळ वाहते झाले. सुट्टी पस्तीस मिनिटांची झाली. ताजी भाजी आली, मी गाजरं लसणीवर परतून वाढली आणि त्या दिवशी बादलीत फक्त सालं होती. यंत्रही हललं. (शिक्षकांच्या खोलीत गेलं. तिथे आता रांग असते.) आणि पाहुण्यांचा अवमान केला म्हणून मला सोमवारपासून पंधरा दिवस कामावर न येण्याचा हुकूम मिळाला. मी माफी मागितली तर रद्द करू, असं अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, मागते, पण मुलांची, आणि तुम्ही शेजारी उभे राहा. ते काही जमलं नाही.

मामींना नमस्कार. धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
चिडकी

ता. क. – या पंधरा दिवसांसाठी बदली माणूस मिळाला नाही, तर अध्यक्ष बाहेरून पाकीटबंद डबे आणणार आहेत, आणि एकदा ते डबे आले की जात नाहीत. त्यामुळे मी तुमचं नाव दिलं आहे. सोमवारी सकाळी सहाला चूल पेटते. वय बासष्ट सांगितलं आहे, तेव्हा केसांचं काहीतरी करून या.

आणखी एक – मामींना हे पत्र दाखवू नका. त्यांना मी वेगळं लिहिलं आहे. त्यात असं आहे की, मी हात जोडून नको नको म्हणत होते, पण तुम्हीच हट्टाला पेटलात.